मंगळवार, साडेसहा आणि चौकटची अठ्ठी

मरीन लाइन्स ते चर्नी रोड हा पट्टा आपण सगळ्यांनी लोकलच्या खिडकीतून हजारदा बघितलेला आहे. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे ओळीनं जिमखाने. हिंदू, इस्लाम, पारशी, कॅथलिक... प्रत्येकाचं एकेक मैदान, एकेक व्हरांडा आणि व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. पांढऱ्या कपड्यांतलं क्रिकेट चाललेलं असतं. गाडी पुढे जाते आणि आपण परत मोबाइलमध्ये डोकं घालतो.

पण या मैदानांमागच्या इमारतींमध्ये काय चालतं याचा पत्ता कितीजणांना असतो? मला नव्हता. बाहेर कट्ट्यावर सेल्फी, भेळ, हातात हात. रस्त्यावर २०२४ पासून कोस्टल रोडच्या बोगद्याकडे सुसाट निघालेल्या गाड्या. आणि आत पहिल्या मजल्यावर, पंख्याच्या घरघरीत, वीस माणसं तीन तास अक्षरशः तोंड मिटून बसलेली. टाइमपास म्हणून नाही, भयंकर सीरियसली! मंगळवार संध्याकाळचं डुप्लिकेट ब्रिज.

मी हल्ली दर मंगळवारी तिथे असते. जिमखान्याचं नाव सांगत नाही, कारण खोली छोटी आहे आणि तिथल्या मंडळींना गर्दीची सवय नाही.

खोली नंबर चार

जिना चढून गेलं की आधी वास येतो. चिली चीज टोस्ट आणि जुन्या लाकडाचा. मग हिरव्या कापडाची चौकोनी टेबलं. प्रत्येक टेबलावर चार बिडिंग बॉक्स. म्हणजे तोंडानं बोली लावायचीच नाही, छापील कार्ड काढून समोर ठेवायचं. आवाजाच्या चढउतारावरून पार्टनरला इशारा जायला नको, यासाठी ही सोय. आपल्या ऑफिसच्या मीटिंग्जमध्ये हे बॉक्स आले तर काय बहार येईल, हा विचार मला दर आठवड्याला येतो.

सरासरी वय सांगू? आमचं टेबल सोडलं तर साठीच्या पुढे. निवृत्त बँकवाले, दोन डॉक्टर, एक सॉलिसिटर, एक जहाजावरचे कॅप्टन. पूर्वी या खोलीत दहा-दहा टेबलं लागायची म्हणे. २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा मंडळी ऑनलाइन खेळायला शिकली, आणि त्यातली बरीच परत आलीच नाहीत. घरी बसून गुडघे दुखत नाहीत ना! आता पाच टेबलं लागतात. कमिटीनं सांगून ठेवलंय, चारच्या खाली गेलात तर मंगळवारची खोली फिटनेसच्या क्लासला देऊ. त्यामुळे दर मंगळवारी साडेसहाला जो तो दाराकडे बघत असतो. एक जोडी कमी आली की डॉक्टरसाहेब फोन लावायला सुरुवात करतात.

मला बोलावणं आलं ते असंच. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू इथे तीस वर्षं खेळतात. त्यांची नेहमीची पार्टनर मुलाकडे बंगळुरूला राहायला गेली. ब्रिजमध्ये एकट्या माणसाला प्रवेश नाही, जोडी लागते. काकूंनी मला लिफ्टमध्ये विचारलं, “तुला मेंढीकोट येतं ना? मग सहा महिन्यांत ब्रिज येईल.” हा इंटरव्ह्यू. पुढचे सहा महिने दर रविवारी सकाळी त्यांच्या डायनिंग टेबलवर शिकवणी. फी नाही, पण पोहे त्यांच्याकडचे.

मेंढीकोटवाल्यांसाठी ब्रिज

ज्यांनी लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस टाकून पत्ते कुटणारे ग्रुप बघितलेत, त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. चार माणसं, समोरासमोर पार्टनर, प्रत्येकाला १३ पानं, म्हणजे एकूण १३ हात. आधी बोली लागते, की आम्ही इतके हात करू, अमुक हुकूम ठेवून किंवा हुकमाशिवाय. हुकमाशिवाय म्हणजे ‘नो ट्रम्प’. बोलीतला आकडा अधिक सहा इतके हात करायचे. म्हणजे ‘सहा नो ट्रम्प’ बोललात तर १३ पैकी १२ हात. एकच गमवायची मुभा.

बोली जिंकणाऱ्या जोडीतला एकजण खेळतो. त्याला म्हणायचं डिक्लेरर. दुसरा आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. तो डमी. डमीनं भुवईसुद्धा उडवायची नाही.

आणि ‘डुप्लिकेट’चा फंडा असा की वाटलेली पानं मिसळत नाहीत. ती तशीच्या तशी एका डबीत घालून पुढच्या टेबलावर जातात. तीच पानं सगळी टेबलं खेळतात आणि मग तुलना होते. त्यामुळे ‘आज पानंच वाईट आली हो’ ही सबब चालत नाही.

बोर्ड नंबर २२

आता त्या मंगळवारची गोष्ट. २४ पैकी २२ वा बोर्ड. तोपर्यंत आम्ही तिसरे. काकू दक्षिणेला, मी उत्तरेला. पूर्वेला कॅप्टनसाहेब, पश्चिमेला सॉलिसिटर. दोघंही मुरलेले.

काकूंनी ‘वन नो ट्रम्प’चं कार्ड काढलं, म्हणजे त्यांच्याकडे १५ ते १७ पॉइंट. (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १.) माझ्याकडे १७. मी ‘फोर नो ट्रम्प’ ठेवलं. त्याचा अर्थ, तुमच्याकडे वरच्या टोकाचे पॉइंट असतील तर चला सहाला. काकूंनी क्षणभरही न थांबता सहा ठेवलं.

पश्चिमेची उतारी आली इस्पिकचा गुलाम. मी पानं मांडली.

माझी, म्हणजे डमीची:
इस्पिक: राजा, ७, ४
बदाम: एक्का, राजा, ६, ३
चौकट: एक्का, ६, ४
किलवर: राजा, ८, ५

काकूंची:
इस्पिक: एक्का, राणी, ३
बदाम: राणी, ७, ४
चौकट: राजा, ८, ५, २
किलवर: एक्का, राणी, ६

मोजून बघा. इस्पिकचे तीन हात, बदामचे तीन, चौकटचे दोन, किलवरचे तीन. अकरा. बोली बाराची. एक हात कमी.

तो बारावा कुठून आणायचा? दोन ठिकाणं दिसतात. बदामची चार पानं माझ्याकडे आहेत. समोरच्या दोघांकडे मिळून सहा. ती तीन-तीन वाटली गेली असतील, तर एक्का-राजा-राणी पडल्यावर माझं चौथं पान आपोआप मोठं. तसंच चौकटमध्ये, तिथे चार पानं काकूंकडे. पण सहा पानं तीन-तीन पडण्याची शक्यता असते साधारण ३६ टक्के, आणि चार-दोन पडण्याची ४८. म्हणजे कुठल्याही एका रंगात बघितलं तर नशीब बहुधा विरोधातच असतं.

बहुतेक लोक इथेच थांबतात. एक रंग खेळून बघतात, मग दुसरा, आणि नाही जमलं तर खांदे उडवतात. काकूंनी इस्पिकच्या राणीनं पहिला हात घेतला आणि पानं टेबलावर उपडी ठेवली. दीड मिनिट त्या समोरच्या भिंतीवरच्या पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघत होत्या.

आधी द्या, मग घ्या

मग त्यांनी चौकटची दुर्री टाकली. पश्चिमेची सत्ती, माझ्याकडून चव्वी आणि पूर्वेच्या कॅप्टनसाहेबांनी नव्वीनं हात घेतला. माझ्याकडे एक्का होता, त्यांच्याकडे राजा होता. तरी हात दिला!

ऑफिसमध्ये असं कुणी केलं असतं तर अप्रेझलमध्ये निघालं असतं. पण नियमच तसा आहे. एक हात गमवायची मुभा आहे, तर तो लवकर गमवायचा, घरात माल असताना. का? कारण एकतर चौकटचं चौथं पान मोठं व्हायचं असेल तर चौकटचा एक हात द्यावाच लागणार. आणि तो शेवटी दिला, म्हणजे इस्पिक-किलवरची सगळी मोठी पानं वाजवून झाल्यावर दिला, तर हात पश्चिमेकडे जाऊ शकतो. सॉलिसिटरसाहेब मग उरलेली इस्पिक-किलवर शांतपणे वसूल करणार. आत्ता दिला तर त्यांनी काहीही उतारी केली तरी आपल्याकडे उत्तर आहे.

दुसरं कारण जास्त खोल आहे. समोरच्याची कोंडी करायची, तर त्याच्या हातात एकही सैल पान उरता कामा नये. आपण सगळे हात घेत राहिलो तर त्याच्याकडे फेकायला एखादं बिनकामाचं पान राहतं. एक हात आधी देऊन टाकला की तेवढं एक सैल पान त्याच्या हातातून निघून जातं.

कॅप्टननी इस्पिकची अठ्ठी परत केली. काकू म्हणाल्या, “राजा.” मी राजा पुढे सरकवला. मग इस्पिक खेळून एक्का. मग किलवरचा एक्का, किलवरची राणी. शांतपणे, एकापाठोपाठ एक, जणू काही वाण्याचं बिल तपासताहेत.

सातवा हात. काकूंनी किलवरची छक्की टाकली आणि माझ्याकडचा राजा मागितला. पश्चिमेनं किलवर टाकलं. कॅप्टनसाहेबांकडे किलवर संपलं होतं. त्यांना आता कुठलं तरी पान फेकायचं होतं.

आणि ते थांबले.

मी डमी. मला काही करायचंच नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एक पान अर्धं वर काढलं, परत खाली ढकललं. दुसरं काढलं. खालून कुल्फीवाल्याची घंटा ऐकू येत होती, चर्चगेटकडे जाणारी एक स्लो गेली. त्यांच्या हातात सात पानं होती: बदामची गुलाम, १०, ९, ५ आणि चौकटची राणी, गुलाम, ३. आता बघा गंमत. टेबलावर माझी बदामची चार पानं उघडी. त्यांनी एक बदाम फेकलं, तर माझी छक्की मोठी होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. चौकट फेकली, तर काकूंकडे किती चौकट आहेत त्यावर सगळं अवलंबून. ते त्यांना दिसत नव्हतं. बदाम राखावं तर चौकट उघडी, चौकट राखावी तर बदाम उघडं.

दोन दारं आणि पहारेकरी एक. हाच तो स्क्वीझ.

शेवटी त्यांनी चौकटची तिर्री टाकली. टाकताना काकूंकडे बघून हलकंसं हसले. त्यांना कळलं होतं.

काकू म्हणाल्या, “चौकटचा एक्का.” पूर्वेचा गुलाम पडला, पश्चिमेची दश्शी. मग छक्की खेळून हातातला राजा. पूर्वेची राणी पडली. सत्ती, नव्वी, तिर्री, गुलाम, दश्शी, राणी. सहाच्या सहा चौकट झाल्या. आणि काकूंच्या हातात उरली होती चौकटची अठ्ठी. जगातली सगळ्यात मोठी अठ्ठी! तो बारावा हात ठरला. बाकी तीन बदामचे, ते हक्काचेच.

‘मी फक्त सहा मोजले’

ब्रेकमध्ये टोस्ट खाताना मी काकूंना विचारलं, “कॅप्टनकडे चार बदाम आणि चार चौकट आहेत हे तुम्हाला कसं कळलं?”

“नव्हतंच कळलं,” काकू म्हणाल्या. “कळायची गरज नव्हती. मी फक्त चौकट मोजत होते. सहा बाहेर होत्या. सहा पडल्या तर अठ्ठी वाजवायची. नाही पडल्या तर बदाम खेळायचं. बावन्न पानं लक्षात ठेवायला मी काय कॉम्प्युटर आहे?”

मला ही गोष्ट सगळ्यात भारी वाटली. आपल्याला वाटतं, ब्रिज खेळणारे म्हणजे भयंकर स्मरणशक्तीवाले. पण चांगला खेळाडू आधी ठरवतो, काय मोजायचं नाही. मग उरलेली एकच गोष्ट इमानदारीत मोजतो. रंग तीन-तीन असला तरी काकूंचा प्लॅन चालला असता, आणि चार-दोन असून दोन्ही चौकडी एकाच माणसाकडे असल्या तरी चालला असता, मग तो माणूस पूर्वेचा असो की पश्चिमेचा. पहिल्या हातानंतरच्या दीड मिनिटात त्यांनी एवढंच केलं. आपल्या शक्यतांमध्ये अजून एक शक्यता जोडून घेतली, फुकटात.

शेजारून कॅप्टन म्हणाले, “वहिनी, ती दुर्री टाकलीत तेव्हाच मला घाम फुटला होता.” काकू म्हणाल्या, “म्हणून तर टाकली, भाऊ.”

निकाल लागला तेव्हा कळलं, पाचही टेबलांवर सहा नो ट्रम्पची बोली लागली होती. तिघं एक हातानं पडले, वजा ५०. आमच्यासारखे बारा हात करणारी अजून एकच जोडी, अधिक ९९०. आम्ही तिसऱ्याचे दुसरे झालो. बक्षीस म्हणजे कँटीनची दोन कूपनं.

बेसबॉल, बोट आणि ‘ब्लू’

या नावामागची कथा पण झकास आहे. ‘स्क्वीझ’ हा शब्द बेसबॉलमधून आला. पत्त्यात तो आणला सिडनी लेन्झ या अमेरिकन खेळाडूनं. आज आपण खेळतो ते कॉन्ट्रॅक्ट ब्रिजही तिकडचंच. १९२५ मध्ये हॅरल्ड व्हॅन्डरबिल्ट हे बडं प्रस्थ ‘फिनलंड’ नावाच्या बोटीनं पनामा कालव्यातून चाललं होतं. त्या प्रवासात त्यानं मित्रांबरोबर पॉइंट देण्याची नवी पद्धत खेळून बघितली, आणि ती जगभर पसरली.

स्क्वीझवरचं गाजलेलं पुस्तक मात्र लिहिलं एका गणिताच्या प्राध्यापकानं. क्लाइड लव्ह, साल १९५९. त्यांनी साध्या स्क्वीझच्या चार अटी ‘ब्लू’ या शब्दात बांधल्या. बी म्हणजे बिझी: दोन्ही रंगांचा पहारा एकाच माणसावर हवा. एल म्हणजे लूजर: द्यायचे ते हात देऊन आपल्याकडे एकच हात कमी उरलेला हवा. यू म्हणजे अपर: ज्याला कोंडीत पकडायचंय, त्याच्यानंतर पान टाकणाऱ्या हातात निदान एक धोक्याचं पान हवं. ई म्हणजे एंट्री: मोठं झालेलं पान वाजवायला तिथे पोचता आलं पाहिजे. आमच्या बोर्ड २२ वर चारही अटी लावून बघा, बरोबर बसतात.

आणि हा फक्त म्हाताऱ्यांचा खेळ आहे असं म्हणणाऱ्यांसाठी: वॉरन बफे आणि बिल गेट्स दोघंही ब्रिजवेडे आहेत. आता तुम्ही म्हणाल, तेही काही तरुण नाहीत. बरं, मग असं बघा. २०१८ मध्ये जाकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ब्रिज पहिल्यांदाच आलं आणि पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक भारताला मिळालं. जिंकणारे प्रणव बर्धन ६० वर्षांचे होते, शिवनाथ सरकार ५६ वर्षांचे. २०२३ मध्ये हांगचौला भारतीय पुरुष संघानं रौप्य आणलं. कुठल्या दुसऱ्या खेळात साठीला देशासाठी गोल्ड मिळतं, सांगा! म्हणजे तिशीत सुरुवात केलीत तर तुमच्याकडे तीस वर्षांची प्रॅक्टिस शिल्लक आहे.

मला विचाराल तर या खोलीची खरी मजा वेगळीच आहे. दिवसभर आपण पन्नास विंडो उघड्या ठेवून काम करतो. इथे तीन तास फोन बंद. तेरा पानं, एक पार्टनर, आणि तिच्याशी बोलायला फक्त छापील कार्डं. ऑफिसमध्ये जिच्या वयाच्या बाईशी आपण ‘नमस्ते आंटी’च्या पुढे जात नाही, तिच्यावर आपला आख्खा गेम विसंबून असतो, आणि तिचा आपल्यावर. गेल्या महिन्यात माझ्या टीममधली दोघं शिकायला आली. डॉक्टरसाहेबांनी त्यांच्यासाठी टोस्ट मागवले, स्वतःच्या पैशानं. ते आत्तापर्यंत कुणासाठी झालेलं नाही म्हणतात.

जायचंय? मग हे वाचा

कुठे: मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच जिमखान्यांत आणि क्लबांत ब्रिजची ठरलेली संध्याकाळ असते. सदस्य नसाल तर आधी फोन करून पाहुणा म्हणून येता येईल का, ते विचारा.

आधी काय शिकाल: पॉइंट मोजणं, वन नो ट्रम्पची बोली, आणि खेळायच्या आधी आपले नक्की किती हात होतात ते मोजणं. स्क्वीझ नंतर.

सराव: ब्रिज बेस ऑनलाइनवर फुकट खेळता येतं, पार्टनर नसेल तर रोबोबरोबर.

रिवाज: डमी असताना गप्प. पार्टनर चुकला तरी टेबलावर पोस्टमॉर्टेम नाही, ते टोस्टच्या वेळी. आणि समोरच्यानं छान खेळी केली तर मोकळेपणानं ‘वेल प्लेड’ म्हणायचं.

आणि हो, एकटे जाऊ नका. शेजारच्या फ्लॅटमधली एखादी काकू पार्टनर शोधत असेल. लिफ्टमध्ये विचारून बघा.